महाराजांच्या गालामागचं पाणी

ज्या काळी जनावरं नुसती बोलत नव्हती तर मतंही द्यायची, त्या काळी ऐनवाडीच्या रानात गवा खुशालराव राज्य करत होते. निवडून येताना त्यांनी एकच वचन दिलं होतं: राज्यात एकही भेग राहणार नाही. आल्या आल्या त्यांनी तळ्याला भाजक्या मातीची भिंत बांधली. टणक, ऐटबाज, आणि महाराजांसारखीच तसूभरही न वाकणारी.

दुसऱ्याच उन्हाळ्यात तिला भेग पडली.

दरबाराने ताबडतोब उपाय केला. यापुढे भेगेला रेघ म्हणावं, असं फर्मान निघालं. रेघेतून पाणी ठिबकत राहिलं. मग बांधकाममंत्री रानडुक्कर दंतोजीने चिखल लिंपला, झेंडूची माळ घातली आणि भाषण ठोकलं. आठवड्याने लिंपण तडकलं. त्याने पुन्हा लिंपलं, पुन्हा भाषण ठोकलं. पाचव्या भाषणानंतर सगुणाबाईला बोलावणं आलं.

सगुणाबाई साळिंदर डागडुजीच्या कामात मुरलेली. तिचं बीळ भिंतीच्या पायथ्याशी होतं आणि बिळात तीन पिल्लं होती. त्यामुळे भिंतीची काळजी तिला दरबारापेक्षा जास्त होती.

"महाराज, भिंत उन्हानं फुगते, गारव्यानं आकसते," ती म्हणाली. "भेगही तशी उघडझाप करते. कडक चिखल टिकायचा नाही तिच्यात. मी वडाचा चीक नि मेण घोटून भरते. ताणलं की ताणतं, सोडलं की मागं येतं."

"म्हणजे आमच्या मंत्रिमंडळासारखं," महाराज म्हणाले. त्यांना लगेच पटलं.

सगुणाबाईने पाठीवरचा एक काटा उपसला आणि भेग कोरायला घेतली. चिखल, शेवाळ, झेंडूच्या कुजक्या पाकळ्या बाहेर पडल्या. भेग चांगली बोटभर रुंद झाली, तेवढ्यात दंतोजीने सगुणाबाईला धरलं.

"महाराज, ही बाई रेघ मोठी करतेय. सगळ्यांदेखत."

"साफ केल्याबगर चीक धरत नाही, सरकार. आधी उघडायची, मग भरायची."

"ऐकलंत? उघडायची म्हणते."

महाराज गंभीर झाले. त्यांच्या कारकिर्दीत आजवर कुणीच काही उघडलं नव्हतं.

काटा पुरावा म्हणून जप्त झाला, चिकाचा गोळा सरकारजमा झाला. दंतोजीने तो पापडासारखा पातळ लाटला, उघड्या भेगेवर बाहेरून चिकटवला आणि त्यावर महाराजांचा चेहरा रंगवला. ठिबकणं थांबलं. दंतोजीने सहावं भाषण ठोकलं.

भेगेतलं पाणी चिकामागे साठू लागलं. महाराजांचा डावा गाल फुगला, मग उजवा. प्रजा लांबून बघायला येऊ लागली. दवंडीवाला कावळा रोज गालाचं माप सांगायचा आणि खाली घोषणा घुमायची: "महाराज वाढले, रान वाढलं!"

सगुणाबाईने भरदुपारी पिल्लं तोंडात धरून एकेक करून टेकडीवर नेली. जाता जाता शेजारच्या धोंडू सशालाही सांगितलं, "बाबा, बीळ सोड. ते फुटणार."

"मावशी, अफवा पसरवू नका," धोंडू म्हणाला. "केवढं तेज आलंय चेहऱ्यावर."

पण चीक फुटत नव्हता. टेकडीवरून बघताना तिला दंतोजीचा संताप यायचा आणि आपल्या चिकाचा अभिमानही वाटायचा.

गाल नऊ हात झाले तेव्हा महाराजांनी त्या चेहऱ्याला राज्याचं सर्वोच्च पदक द्यायचं ठरवलं. सोहळ्याला सगळं रान लोटलं. पदक टोचायला काही सापडेना, म्हणून पुराव्यातला काटा मागवला. महाराजांनी तो स्वतःच्या हाताने स्वतःच्या गालात खुपसला.

दरबार दोन कोस खाली एका बाभळीत सापडला. दंतोजी सातवं भाषण करत होता.

सगुणाबाईचं बीळ वाहून गेलं, पिल्लं मात्र वाचली. चौकशी समितीने काट्याला जन्मठेप दिली. पुढल्या निवडणुकीत खुशालरावांनी वचनपूर्तीवरच मतं मागितली. राज्यात एकही भेग उरली नव्हती. भिंतच नव्हती.

सगुणाबाई मत द्यायला रणरणत्या उन्हात उभी राहिली. टेबलामागे धोंडू बसला होता, अजून थोडा ओला.

"घोटभर पाणी असलं तर दे रे," ती म्हणाली.

धोंडूने कागद चाळले. "पाणी मुख्य आरोपी आहे, मावशी. फरार आहे. सापडलं की कळवू. पंजा पुढे करा, शाई लावतो."