गोंदणारीचा डावा हात

"पण माझ्याच हातावर का?"

जालिंदरनं हे चौथ्यांदा विचारलं. चिंधाआजीनं चौथ्यांदा कान खाजवला.

"सांग की, आजे. चार वर्सं तुझ्या मागनं जत्रा फिरलो. काजळी धरली, पाला वाटला. कागदावर घोटलं, भोपळ्यावर टोचलं. हात बसलाय माझा. आता सुई दे म्हणलं, तर म्हणतीस पैली आपल्याला टोच. का?"

"भोपळा वरडला का रं कधी?"

"भोपळा कशाला वरडंल?"

"मग तुझा हात भोपळ्यावर बसलाय," म्हातारी म्हणाली. "माणसावर न्हाई."

बिरोबाची जत्रा होती. दुपारची वेळ, ढोल असे वाजत होते की पोटातली भाकर हलावी. देवळामागच्या लिंबाखाली आजीचं पोतं अंथरलेलं. पोत्यावर शाईची वाटी, हळदीची पुडी, आणि दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या तीन सुया. शेजारी तीन दगडांच्या चुलीवर पाणी उकळत होतं. आख्खं दुकान एका टोपलीत मावायचं.

जालिंदर सव्विशीचा. उंच, गोरा, भांग असा चोपून पाडलेला की माशी बसली तर घसरून मरावी. मोर काढला तर आता पिसारा फुलवतोय का मग, असं वाटायचं. आणि अक्षर? छापखान्यानं तोंडात बोट घालावं. ह्याची त्याला पक्की खबर होती. दिवसातनं तीनदा तो स्वतःच स्वतःला ती द्यायचा.

पण अंगावर एक ठिपका नाही. दुनियेला टोचायला निघालेला गडी, आणि स्वतःचं कातडं शालूसारखं घडी घालून जपलेलं.

"आजे, सोमवारी माझा साखरपुडा हाय."

"व्हय की. जेवायला काय हाय?"

"मस्करी नगं. मोरे मास्तर काय म्हणले ठाऊक हाय का?"

"ह्यो कोण मास्तर?"

"इंदूचा बाप! सतरांदा सांगितलं. म्हणले, धंदा काय करायचा तो कर, पण जावयाच्या अंगावर निळा ठिपका दिसला तर सोयरीक मोडली म्हणून समज. गोंदलेली माणसं म्हंजी अडाणी, म्हणले. चारचौघांत उठून दिसतंय, म्हणले."

आजीच्या कपाळावर तुळस होती. हनुवटीवर तीन टिपके, उजव्या मनगटावर विंचू. ती खुदकन हसली, तर हनुवटीवरचे टिपके पण हसले.

"मास्तरचं काय चुकलं? मी हायेच अडाणी."

जालिंदर ओशाळला. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात पोत्यावर सावली पडली.

एक धनगर म्हातारा उभा होता. खांद्यावर घोंगडं, पागोटं पार कानावर उतरलेलं. कुणी बघत नाही ना, अशी मान फिरवत होता. चोरी करायला आल्यासारखा.

"गोंदायचं हाय, बाय."

"बस की दादा. काय काढू? घोडा? मेंढा? देवाची तरवार काढू का?"

"नाव."

नाव म्हटल्यावर आजीनं हात आखडला. अक्षरांशी तिचं साताजन्माचं वैर. कुणी म्हणालं तर आख्खं रामायण चित्रात टोचून देईल, रावणाची दाही तोंडं मोजून. पण रामाचा 'रा' काढ म्हटलं, की म्हातारी मुकी.

"कुणाचं नाव?"

म्हातारा घोंगड्याच्या दशा चाळवत बसला...

"घरातलीचं. औंदा गेली."

"नाव काय तिचं?"

"तीच तर पंचाईत." त्यानं पागोटं वर सारलं, परत खाली ओढलं. "कधी घेतलंच न्हाई. आमच्यात घेत न्हाईत. चाळीस वर्सं मी 'अगं' म्हणलो, ती 'अवं' म्हणली. संसार झाला की त्येवढ्यावर. आता सांजचं 'अगं' म्हणतो, तर मेंढरं मान वर करून बघत्यात."

ढोल मध्येच थांबला होता. तो परत सुरू झाला.

"पोरं हसत्यात," म्हातारा म्हणाला. "म्हणत्यात म्हाताऱ्याला चळ लागला, बायकांवाणी गोंदून घ्यायला निघालाय. सून तर तोंडाला पदर लावती. हसंनात... पर मला वाचता येत न्हाई, नाव घ्यायला जीभ उठत न्हाई. मी गेलो म्हंजी तिचं नाव गेलंच की. हातावर राहील म्हणलं. जळस्तवर तरी राहील."

मग तो जालिंदरच्या कानाशी वाकला. ओठ हलले. काय बोलला ते आजीला पण ऐकू गेलं नाही.

जालिंदरचे डोळे लकाकले.

"दोनच अक्षरं! आजे, आण सुई. असं काढतो बघ..."

"आधी तुझा हात."

"अगं, गिऱ्हाईक उभं हाय!"

"कुठं? बसलंय की."

खरंच बसला होता म्हातारा. गुडघ्यावर हात पालथा टाकून, एखाद्या गुरासारखा गप. आता काय ते तुम्हीच ठरवा, असा.

जालिंदर कात्रीत सापडला. अक्षर आजीला येत नाही, सुई तिच्याशिवाय मिळत नाही, आणि सोमवार चार दिवसांवर. माणूस अशा वेळी करतो तेच त्यानं केलं. पळवाट काढली.

"बरं. दंडावर टोचतो, वर, बाहीच्या आत. सदरा काढल्याबिगर दिसायचं न्हाई."

"बेंबीत टोच. तिथं तर तुझं तुला बी दिसणार न्हाई."

"आजे!"

"मग काखंत? मास्तर काय काख बघून पोरगी देणार हाय?"

धनगर म्हातारा पण हसला. जालिंदर तापला. तापला की त्याचे कान आधी लाल व्हायचे.

"ही कसली रीत? कुणी काढली? कुणी पाळतंय का? तू पाळलीस का?"

आजीचं हसू गेलं.

...

तिच्या डाव्या हाताला, कोपरापासून मनगटापर्यंत, कायम एक फडकं गुंडाळलेलं असायचं. शाईनं बरबटलेलं, ताठ झालेलं. चार वर्षं जालिंदर बघत होता. त्याला वाटायचं, शाई पुसायला बांधलंय. कधी वाटायचं, आत भाजल्याचा डाग असेल. एकदा त्यानं विचारलं होतं, तर म्हातारी म्हणाली होती, "आत मामलेदार लपलाय."

आता तिनं दातानं गाठ सोडली. एकेक वेढा उलगडला.

हात काळा होता.

काळा म्हणजे कातडीचा काळा नव्हे. ठिपके. काळ्या तिळांची रास सांडावी, तिळावर तीळ पडावेत, खालची जमीन दिसू नये, असे ठिपके. कोपराकडे पार एकजीव होऊन निळ्या लोखंडासारखे झालेले. मनगटाकडे सुटे सुटे. तिथं दोन बोटं जागा कोरी राहिली होती.

चित्र नव्हतं. वेल नाही, विंचू नाही, देव नाही. नुसते ठिपके.

"हे... काय हे?"

आजीनं अंबाड्यात हात घातला आणि एक सुई काढली. एकटीच.

"ही माझी. लोकांच्या येगळ्या. दर माणसाच्या आधी एक टिपका हितं पडतो. मगच त्याला सुई."

"दर माणसाच्या? कधी? मी तर..." जालिंदर अडखळला. "तू पाठ फिरवून तंबाखू खातीस ना?"

"तंबाखूनं मला वकारी येती. उभ्या जल्मात तोंडात धरली न्हाई."

चार वर्षं हा गडी बायाबापड्यांना सांगत होता, थांबा हं, आजी वाईच तंबाखू खाती. त्यांना हसवत होता. वर म्हणत होता, भिऊ नगा, मुंगी चावल्यागत लागतंय. कुणी विचारलं असतं, तुला कधी चावली, तर?

त्याला तो हात बघवेना, आणि नजर पण काढवेना. मोजायला गेला. दहापर्यंत आला आणि हरवला. परत मोजायला गेला...

"ठेव बोट," आजी म्हणाली. "कुठंबी."

त्यानं कोपराजवळ ठेवलं.

"ही पाटलाची सून. सुई दिसली आणि जी पळाली, ती अजून पळतीया. टिपका माझ्या हातावर, पैसं तिच्या कनवटीला."

त्यानं बोट सरकवलं.

"ह्यो पैलवान. बजरंगबली काढायचा होता. शेपटीपर्यंत आला आन् घेरी येऊन पडला. अजून हिंडतोय तसाच, नुसती शेपटी घेऊन."

जालिंदरला हसू आलं. "थापा मारतीस!"

"ही थाप. पाटलाची सून खरी."

"इतके सगळे ध्यानात हायेत तुझ्या?"

"न्हाई रं. कितीतरी गेली ध्यानातनं. हात धरून हाय."

त्यानं पुन्हा बोट ठेवलं. ह्या खेपेला बघितलं पण नाही कुठं ते. मधेच कुठंतरी.

आजीनं वाकून तो ठिपका बघितला.

...

...

"ती चैताच्या जत्रंला आली हुती," मग ती हळूच म्हणाली. "एकटीच. दोन दिसाचं लेकरू गेलेलं. मी म्हणलं, पाळणा काढू का बाई? नगं म्हणली. पाळण्यात घातलाच न्हाई त्याला. मी म्हणलं, मग नाव काढायचं का, ते दुसऱ्या गोंदणारीकडनं घे. तर म्हणली, नाव ठेवायला टायम कुठं गावला. मग काय काढू?... म्हणली, एक टिपका दे. त्येवढाच हुता तो."

ढोल वाजत होते, पण लांब कुठंतरी वाजत असल्यासारखे.

"तिच्या हातावर एक हाय. माझ्या हातावर एक. दुनियेत त्या लेकराचं दुसरं काई न्हाई."

जालिंदरचं बोट तिथंच होतं. त्याला वाटलं, उचललं तर काहीतरी उघडं पडेल. दाबलं तर दुखेल. कुणाला दुखेल ते मात्र कळेना.

धनगर म्हाताऱ्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं होतं. देवळात बसतात तसा बसला होता.

मग जालिंदरनं बोट उचललं. आजीनं टोपलीच्या तळातून चिंधीत गुंडाळलेली एक सुई काढली. नवी कोरी. चार वर्षं ती तिथंच होती की काय, हे त्यानं विचारलं नाही. तिनं चुलीवरच्या उकळत्या पाण्यात ती बुडवून त्याला दिली.

त्यानं सदऱ्याची बाही वर सारली नाही. दंडाकडे बघितलं पण नाही. मनगटाच्या पुढं, अंगठ्याच्या मुळाशी, जिथं जगातली कुठलीच बाही पोचत नाही, तिथं सुई धरली.

मोराचं एकेक पीस काढणारा हात, एका ठिपक्यासाठी दोनदा मागं आला.

टोचली.

"आय गं!"

"दुखलं का रं बाळा?" धनगर म्हातारा पुढं वाकला.

मुंगीची गोष्ट जालिंदरच्या ओठावर आली. चार वर्षांची सवय. पण ती बाहेर पडेना.

"दुखतंय, बाबा."

"मग हळू टोच मला," म्हातारा म्हणाला, आणि आपला हात त्याच्या मांडीवर ठेवला.

आजीनं तीन सुयांची जुडी त्याच्या हातात दिली. कसलं नारळ नाही, हळद नाही, मंत्र नाही. लसूण सोलायला द्यावी तशी दिली.

जालिंदरनं पहिला टोचा मारला. हळू. दुसरा. छापखान्याचं अक्षर त्याला आठवलं पण नाही. त्याला फक्त म्हाताऱ्याचा श्वास ऐकू येत होता. श्वास अडला की तो थांबायचा. सुटला की पुढं जायचा.

पहिलं अक्षर पुरं झालं. दुसऱ्याची रेघ ओढताना म्हाताऱ्याचा हात आखडला. जालिंदर थांबला.

"लागलं का, बाबा?"

म्हातारा त्याच्याकडे बघतच नव्हता. हाताकडे बघत होता. ओठ आधी नुसते हलले. मग आवाज आला, जड, गंजलेला, चाळीस वर्षं न उघडलेल्या कडीसारखा.

"ठकू..."

लिंबाखालून चाललेल्या दोन बाया थबकल्या. त्यांना काही माहीत नव्हतं. तरी त्यांनी पदर डोक्यावर घेतला.

"ठकू," म्हातारा परत म्हणाला, जरा मोठ्यानं. "अगं ठकू."

जालिंदरनं खाली मान घातली आणि उरलेला उकार काढला. काढताना शाई ओघळली का डोळा, ते त्यालाच ठाऊक.

आजीनं हळद लावली. म्हातारा उठला. घोंगडं खांद्यावर टाकलं, पण तो हात काही घोंगड्याखाली घेतला नाही. पुढं धरला, भरल्या तांब्यासारखा, आणि तसाच गर्दीत शिरला. लोक बघत होते. काही हसत पण होते. तो कुणाला धक्का न लावता चालला होता, आणि गर्दी आपोआप बाजूला होत होती.

दिसेनासा होईपर्यंत जालिंदर बघत राहिला.

मग त्याची नजर अंगठ्याच्या मुळाशी गेली. ठिपका सुजला होता. जोंधळ्याएवढा. चारचौघांतच काय, पल्याडच्या डोंगरावरून दिसावा असा.

डोळ्यांपुढं इंदू दिसली. साखरपुड्याचं ताट दिसलं, आणि ताटामागं चष्मा लावलेले मोरे मास्तर.

"आजे..."

"हं."

"सोमवारी अंगठी घालायला हाच हात म्होरं करावा लागंल."

"करावा लागंल की."

"मास्तर बघतील."

"चष्मा हाय म्हणतोस, बघतीलच."

"इचारतील, हे काय? चारचौघांत इचारतील. काय सांगू मी?"

आजी आपला डावा हात फडक्यात गुंडाळत होती. शेवटचा वेढा आला. गाठ मारायला एक हात पुरेना, म्हणून तिनं फडक्याचं टोक जालिंदरपुढं केलं. त्यानं ते धरलं.

"म्हणावं... बसा मास्तर. द्या हात."