माहुताच्या दुकानातली भवानी

पूर्वी अरिष्टनगरात दृढवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व राजाच्या हत्तींचा माहूत होता. साठी उलटली आणि चाकरी सुटली. पत्नी चित्रा कुंभाराची लेक. ती मडकी घडवू लागली आणि बोधिसत्त्वाने वेशीपाशी दुकान मांडले. जन्मभर हत्तीशी बोललेला माणूस गिऱ्हाइकाशी काय बोलणार? महिनाभर लोक हसून पुढे गेले. घरात चूल पेटेना.

मग एका सकाळी एक बाई आली. इतरांसारखी टिचकी न मारता ती एकेका मडक्याला कान लावून ऐकू लागली. एक ऐकून हसली, तेच तिने घेतले. ती गेली तेव्हा धुळीत पावले उमटली नाहीत. पण त्या भवानीनंतर दुकानापुढे रीघ लागली.

रोज पहिली विक्री तिचीच होई. आणि रोज ऊन चढता चढता वेशीतून एक तिरडी निघे. चौथ्या दिवशी बोधिसत्त्वाने तिरडीपुढचे मडके निरखले. गळ्याखाली चित्राच्या अंगठ्याचा चुकून उमटलेला ठसा होता. सकाळी बाईने नेलेले तेच ते.

पाचव्या दिवशी तिने मडके निवडताच त्याने ते आपल्या कानाला लावले. आत कोणीतरी खोकत होते. खोकला थांबल्यावर त्या माणसाने पाणी मागितले.

"हे मिळायचं नाही," बोधिसत्त्व म्हणाला.

शेजारी मडकी मांडणारी चित्रा घाबरली. "अहो, भवानीचं गिऱ्हाईक कुणी परत पाठवतं का? उद्या खायचं काय आपण?"

"बरोबर बोलते ती," बाई म्हणाली. "मी यक्षिणी आहे. मडकं विकत दिल्याशिवाय मला आतला जीव नेता येत नाही. पण मला परत पाठवलंस, तर इथे पुन्हा कुणी फिरकणार नाही. आत कोण आहे, ओळखलंस तरी?"

"नाही."

"मग तुझा कोण लागतो तो?"

"कुणी नाही. पण त्याला तहान लागलीय."

बोधिसत्त्वाने मडक्यात पाणी ओतले. आतून घोट घेतल्याचा आवाज आला. यक्षिणी बराच वेळ ऐकत उभी राहिली, मग निघून गेली. त्या दिवशी वेशीतून तिरडी निघाली नाही.

तिचा शब्द खरा ठरला. दुकान बुडाले. उतारवयात दोघांना गवत कापून पोट भरावे लागले. त्या मडक्यात मात्र बोधिसत्त्व रोज ताजे पाणी भरीत असे.

ही कथा सांगून शास्ता भगवान बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची यक्षिणी आज भिक्षुणी सुव्रता आहे, चित्रा ही उपासिका नंदवती आणि माहूत मीच. मडक्यातला माणूस कोण, हे मला त्या जन्मी कळलेच नाही. तो म्हणजे हा मागे बसलेला, म्हातारपणी नवा धंदा मांडायला निघालेला उपासक मंगल. तेव्हा त्याची माझी ओळख नव्हती, त्याच्याकडून काही मिळणारही नव्हते. म्हणून त्या कृत्याला करुणा म्हणावे."