टिटवी सिस्टरचं स्टूल

रानात होता एक दवाखाना. दवाखान्यात होती टिटवी सिस्टर.

सिस्टर एवढीशी. पाय काडीसारखे. त्या काडीसारख्या पायांवर ती सकाळपासून पळायची. तुरुतुरु तुरुतुरु! याला औषध, त्याला पट्टी. दमली की स्टुलावर बसायची. एकच छोटं स्टूल. लाल रंगाचं.

एक दिवस प्राणी म्हणाले, "सिस्टर आपल्यासाठी किती करतात! चला, त्यांचा सत्कार करू या!"

सत्कार म्हणजे काय, माहीत आहे? सगळे बसतात. आणि जिचा सत्कार, ती उभी राहते. आहे की नाही छान?

मांडव घातला. खुर्च्या मांडल्या. पण एक खुर्ची कमी पडली. मग काय केलं? सिस्टरचंच स्टूल उचललं आणि पाहुण्यांना दिलं! पाहुणे कोण? रेडेसाहेब! ते बसले, धप्प! स्टूल म्हणालं, कुईं!

सिस्टर आली. बघते तर स्टूल नाही! ती गेली रेडेसाहेबांकडे. तुरुतुरु तुरुतुरु!

"रेडेसाहेब, रेडेसाहेब, उठा ना!
रेडा उठेना, स्टूल सुटेना.
माझे पाय दुखले!"

रेडेसाहेब म्हणाले, "हम्म! मी पाहुणा. हार घातल्याशिवाय पाहुणा उठतो का? शेळीला सांगा. आणि सिस्टर, तुमचे उपकार फार थोर हं!"

थोर तर थोर. सिस्टर गेली शेळीबाईंकडे. तुरुतुरु तुरुतुरु!

"शेळीबाई, शेळीबाई, हार घाला ना!
शेळी हार घालेना, रेडा उठेना.
रेडा उठेना, स्टूल सुटेना.
माझे पाय दुखले!"

शेळीबाईंच्या हातात हार होता. थोडा तोंडातही होता. कुरुम कुरुम! त्या म्हणाल्या, "नाव पुकारल्याशिवाय मी हार घालत नाही. पोपटाला सांगा. आणि सिस्टर, तुमचे उपकार फार थोर हं!"

सिस्टर गेली पोपटरावांकडे. तुरुतुरु तुरुतुरु!

"पोपटराव, पोपटराव, नाव पुकारा ना!
पोपट नाव पुकारेना, शेळी हार घालेना.
शेळी हार घालेना, रेडा उठेना.
रेडा उठेना, स्टूल सुटेना.
माझे पाय दुखले!"

पोपटराव माईकवर बोलत होते. "हॅलो हॅलो! माईक टेस्टिंग!" सकाळपासून एवढंच बोलत होते. ते म्हणाले, "दिवा लावल्याशिवाय मी नाव पुकारत नाही. मोराला सांगा. आणि सिस्टर, तुमचे उपकार फार थोर हं!"

सिस्टर गेली मोरदादांकडे. तुरुतुरु तुरुतुरु!

"मोरदादा, मोरदादा, दिवा लावा ना!
मोर दिवा लावेना, पोपट नाव पुकारेना.
पोपट नाव पुकारेना, शेळी हार घालेना.
शेळी हार घालेना, रेडा उठेना.
रेडा उठेना, स्टूल सुटेना.
माझे पाय दुखले!"

मोरदादांनी पिसारा झटकला. फर्रर्र! "छे छे! फोटो निघाल्याशिवाय दिवा लावून उपयोग काय? माकडाला सांगा. आणि सिस्टर, तुमचे उपकार फार थोर हं!"

आता सिस्टर लंगडायला लागली. तरी गेली बिचारी. तुरु... तुरु... तुरु... तुरु...

"माकडभाऊ, माकडभाऊ, फोटो काढा ना!
माकड फोटो काढेना, मोर दिवा लावेना.
मोर दिवा लावेना, पोपट नाव पुकारेना.
पोपट नाव पुकारेना, शेळी हार घालेना.
शेळी हार घालेना, रेडा उठेना.
रेडा उठेना, स्टूल सुटेना.
माझे पाय दुखले!"

माकडभाऊ पायरीवर डोळे घट्ट मिटून रडत बसला होता. ऊं ऊं ऊं! "माझं बोट कापलं! पट्टी बांधल्याशिवाय मी फोटो काढत नाही. केव्हाची वाट बघतोय! पण सिस्टर कुठे आहेत? म्हणे, त्यांचा सत्कार आहे!"

आता सिस्टरही म्हणू शकली असती, "स्टूल मिळाल्याशिवाय मी पट्टी बांधत नाही!" सगळे अडून बसले, मग तिनं का नाही?

पण माकडाचं बोट दुखत होतं ना! सिस्टर लगेच कामाला लागली. उभ्या उभ्या तिनं बोट धुतलं. फुंकर घातली. फू फू! पट्टी गुंडाळली. माकडाचं रडू थांबलं.

आणि मग काय झालं?

माकडानं कॅमेरा उचलला, खिचिक!
मोरानं दिवा लावला, लुक लुक!
पोपटानं नाव पुकारलं, "आपले लाडके रेडेसाहेब!" सिस्टरचं नाव घ्यायला विसरलाच. असू दे.
शेळीनं हार घातला. तीन फुलं उरली होती.
रेडा उठला, हुश्श!
स्टूल सुटलं, टुण्ण!

आणि टिटवी सिस्टर बसली. अहाहा! डोळे मिटले. काडीसारखे पाय लोंबत राहिले.

तेवढ्यात आतल्या खाटेवरून कासवआजोबांनी हाक मारली. "सिस्टर! पाणी देता का, सिस्टर?"

सिस्टरनं डोळे उघडले. पाय खाली टेकवले. आता उठणार, एवढ्यात...

"बसा हो सिस्टर!" माकडभाऊ ओरडला. "अजिबात उठायचं नाही!"

सिस्टर थांबली. मग पाणी कोण देणार? माकडानं पोपटाकडे पाहिलं. पोपटानं शेळीकडे पाहिलं. शेळीनं मोराकडे पाहिलं. मोरानं आभाळाकडे पाहिलं. कुणी हलेना!

रेडेसाहेबांनी सिस्टरच्या पायांकडे पाहिलं. केवढे बारीक पाय! केवढे सुजलेले! रेडेसाहेबांना लाज वाटली. खूप लाज वाटली.

त्यांनी गळ्यातला हार काढला. तांब्या उचलला. "सिस्टर, बसा तुम्ही," ते हळूच म्हणाले. "पाणी मी देतो."

आणि गेले. डुग डुग, डुग डुग! अर्धं पाणी वाटेत सांडलं. उरलेलं कासवआजोबा प्यायले. गट गट गट!

सिस्टर मात्र बसून राहिली. कितीतरी वेळ बसून राहिली.

सिस्टर बसली, गोष्ट निजली. आता तुम्हीही पाय पसरा!