राजा मणिध्वज आणि पांढरी मुनिया

एका राज्यात, जिथे डोंगर निळे होते, राने हिरवी होती आणि बायकांच्या कपाळीचे कुंकू लालभडक होते, मणिध्वज नावाचा राजा राज्य करीत होता. राजा शूर होता, न्यायी होता, पण त्याचा जीव अडकला होता पट्टेरी मुनियांत.

ही पाखरे मुठीत मावतील एवढी. अंग राखाडी, चोच लाल, छातीवर काळ्यापांढऱ्या बारीक रेघा, डोळ्याखाली ओघळलेल्या काजळासारखी एक रेघ. नराच्या गालावर नारिंगी ठिपका, आणि दिवसभर तोंडाला विसावा नाही. राजवाड्यामागे जाळीचा महाल होता, त्यात ती नांदत. दरबार आटोपला की राजा मुकुट खुंटीला लावी, राळ्याच्या दाण्यांची थाळी हाती घेई आणि जाळीत शिरे. कोणत्या नराची कोणत्या मादीशी जोडी लावली तर पिलांना कोणता रंग येईल, हाच त्याचा ध्यास. राखाडीतून त्याने बदामी रंग मिळवला होता, बदामीतून सायीसारखा फिका. पण चोच तेवढी लाल आणि बाकी सारे अंग दुधासारखे, अशी पांढरी मुनिया काही त्याला साधली नव्हती.

राणी चारुमती म्हणे, "महाराज, लेकीचे स्थळ पाहतानाही एवढा विचार करणार ना?"

राजकन्या शाल्मली हसून म्हणे, "आई, बाबा आधी त्याच्या गालावर ठिपका आहे का ते पाहतील."

असे सुखात चालले असता एके दिवशी वावटळ उठली आणि राजाचे दोन पिंजरे मोडले. नवा पिंजरा शोधत राजा खजिन्याच्या तळघरात उतरला. तिथे धुळीत एक चांदीचा पिंजरा होता. राजाच्या पणजोबांनी तो विभ्रम नावाच्या मायावी सिद्धाच्या गडावरून लुटून आणला होता.

रखवालदार म्हणाला, "महाराज, त्याला हात लावू नये अशी पणजोबांची ताकीद आहे."

"कारण?"

"कारण सांगायचे राहून गेले."

राजा हसला आणि पिंजरा वर घेऊन आला. त्यात एक राखाडी नर ठेवला आणि सहज म्हणाला, "हा निळा असता तर!" नर निळा झाला. आभाळासारखा निळा. राजाला आनंद मावेना. दुसऱ्या दिवशी त्याने दुसरा नर ठेवून हिरवा मागितला, हिरवा मिळाला. तिसऱ्या दिवशी लाल मागितला, लालही मिळाला. तिन्ही पाखरे गप्प झाली आणि त्यांनी माद्यांकडे पाठ फिरवली, हे राजाच्या ध्यानातच आले नाही.

इकडे राज्यात गोंधळ माजला. पहिल्या दिवशी रंगाऱ्यांच्या निळीच्या कुंडांत नुसते पाणी उरले. दुसऱ्या दिवशी विड्याची पाने राखेच्या रंगाची झाली, शेते राखेच्या रंगाची झाली. तिसऱ्या दिवशी कुंकू गेले, पळस गेला, मिरच्याही फिक्या पडल्या. तिखटपणा मात्र गेला नाही. सेनापतींनी शेंगा समजून मूठभर तोंडात टाकल्या आणि ते चिलखतासकट विहिरीकडे धावले.

लोक हसत होते, तोवर महालातून हाक आली. झोपाळ्यावर बसलेली शाल्मली खाली कोसळली होती. ओठ मेणासारखे, तळहात थंड, गालांवर रक्ताचा मागमूस नाही.

राणीने राजाकडे पाहिले. "महाराज, आपण निळे पाखरू केले तेव्हा नीळ गेली. हिरवे केले तेव्हा पाने गेली. आज कोणते केले?"

राजाच्या हातावर लाल मुनिया मुकाट बसली होती. त्याने ती पिंजऱ्यात ठेवून हात जोडले, "घे, परत घे." काही झाले नाही.

मग तो घोड्यावर बसला आणि काजळडोंगराच्या वाटेला लागला, कारण विभ्रम सिद्ध अजून तिथे राहतो असे गुराखी सांगत.

सिद्ध गुहेत बसला होता. तो काचेसारखा आरपार होता. त्याच्या छातीतून मागची भिंत दिसत होती, आणि तो दूध पीत होता ते घशातून पोटात उतरताना दिसत होते. राजाने नमस्कार केला.

"कोण तू?"

"मणिध्वज. चांदीचा पिंजरा माझ्या घरी आहे."

"किती रंग मागितलेस?"

"तीन."

"मी बारा मागितले. बारावा माझाच निघाला." सिद्धाने पेला खाली ठेवला. "मीही तुझ्यासारखाच होतो, राजा. जोड्या लावायचो, पिलांची वाट पाहायचो. एक दिवस कंटाळलो आणि पिंजरा घडवला. रंग कुठून तरी निघतो, तेव्हाच दुसरीकडे बसतो. हे मला उशिरा कळले."

"माझी लेक थंड पडत चालली आहे. उपाय सांगा."

"तीन कामे आहेत. काटेबनातून राखाडी मुनियांची अशी जोडी आण, जिच्या पोटी पांढरे पिलू जन्मू शकेल. हे पहिले. ती जोडी आपल्या घरी नांदव, मंत्र नाही, पिंजरा नाही, आणि पांढरे पिलू होईपर्यंत थांब. हे दुसरे. ते पिलू चांदीच्या पिंजऱ्यात ठेव आणि स्वतःसाठी काही न मागता म्हण, 'घे'. हे तिसरे. धीराने मिळवलेला एक रंग कुणी खुशीने दिला, तर पिंजऱ्याने ओरबाडलेले सारे रंग सुटतील."

"आणि पिलू?"

"जगेल. पांढरे राहणार नाही."

राजाने क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाला, "बरे."

काटेबनात काटेरी झाडांखेरीज काही उगवत नाही, आणि त्या झाडांवर पानांहून मुनिया अधिक. सगळ्या राखाडी, सगळ्या एकसारख्या. मधल्या झाडावर त्यांची म्हातारी राणी बसली होती. तिला माणसाची वाचा होती.

"निवडून घे दोन," म्हातारी म्हणाली. "चुकलास तर पुन्हा इथे पाऊल ठेवायचे नाही."

राजाने झाडे न्याहाळली. एकाचा ठिपका ठळक होता, एकीचे पट्टे रेखीव होते. कोणाच्याही अंगावर पांढऱ्याची खूण नव्हती, आणि ती दिसणार नाही हे राजाला ठाऊक होते. इतक्या वर्षांत पाखरांनी त्याला तेवढे शिकवले होते. तो खाली बसला.

"आजी," तो म्हणाला, "यांचे रूप मला नको. यांची कुळी सांगा. कोणाचा आजा पांढरा होता?"

म्हातारीने मान वाकडी केली. "इथे राजे आले, राजपुत्र आले. सगळ्यांनी अंग पाहिले. आजा विचारणारा तूच. त्या वाळक्या फांदीवरच्या नराचा आजा पांढरा होता."

"आणि मादी? याच्या घरट्यातली नको. वेगळ्या घरची, पण तिच्याही आजोळी पांढरे असलेली."

"खाली लंगडत दाणे टिपते आहे ती. तिची आजी पांढरी होती. पण ती लंगडी आहे, राजा."

"अंडी पायाने उबवत नाहीत, आजी."

म्हातारी एवढी हसली की फांदी हलली. "ने दोघांना. आणि तुझा फेटा ठेवून जा. मऊ दिसतो आहे."

राजा निघाला तेव्हा साऱ्या रानाने त्याच्या फेट्याचे धागे घरट्यांसाठी वाटून घेतले होते. तो बोडक्या डोक्याने राजधानीत शिरला आणि कोणीही हसले नाही.

आता दुसरे काम. राजाने जोडीला सोन्याचे घरटे दिले, त्यात रेशीम अंथरले. जोडी तिकडे फिरकेना. चंदनाची पेटी दिली. नर तिच्यावर बसून गायला, आत मात्र गेला नाही. शाल्मली दिवसेंदिवस अंगावर शाली चढवीत होती आणि तिच्या बिछान्याशी शेगड्या वाढत होत्या.

राणी चारुमती एका सकाळी जाळीपाशी आली. तिच्या हाती मातीचे साधे बोळके होते. त्यात तिने नारळाचा काथ्या कोंबला, वर कोंबडीची चार पिसे ठेवली आणि बोळके कोपऱ्यात टांगले.

"पहिलटकरणीला आडोसा लागतो, महाराज. सोने घेऊन ती काय करील?"

दुपारपर्यंत लंगडी आत जाऊन बसली.

पहिल्या विणीत पाच पिले झाली. राजा पिसे फुटण्याची वाट पाहत राहिला. पिसे फुटली, पाचही राखाडी. दुसऱ्या विणीत चार झाली. तीही राखाडी. तोवर शाल्मलीला उठून बसणेही जमेनासे झाले होते.

प्रधानजी हळूच म्हणाले, "महाराज, यातलेच एक पिलू पिंजऱ्यात ठेवू. पांढरा रंग मागू आणि तेच पिलू परत देऊन टाकू. सिद्ध काही पाहायला येत नाही."

राजाने एक पिलू उचलले. तो पिंजऱ्यापर्यंत गेला, दारही उघडले. पिलू त्याच्या बोटाला ऊब शोधत बिलगले होते. राजा थांबला.

"पांढरा कुठून निघेल, प्रधानजी? दुधातून? कापसातून? की माझ्या लेकीच्या डोळ्यांतून?"

राजाने पिलू आईपाशी नेऊन ठेवले.

त्या संध्याकाळी लेकीच्या उशाशी राणीचाच धीर सुटला. "मग तिसऱ्यांदा बसवा! आजच बसवा!"

"लंगडी वाळली आहे, राणी. आज बसवली तर अंडी देईल, पण उठणार नाही. तिला दाणा, शिंपल्यांची पूड आणि थोडी विश्रांती हवी."

"आणि माझ्या लेकीला काय हवे? एका पाखरासाठी आपण तिला थांबवणार?"

पलंगावरून अगदी बारीक आवाज आला.

"आई, तिलाही पिले आहेत. घाई करू नका. मला आणखी एक शाल दे."

राणीने शाल आणली, लेकीला पांघरली आणि तिच्या पायाशी बसून मनसोक्त रडली. मग डोळे पुसून उठली आणि स्वतः जाळीत जाऊन लंगडीला भिजवलेला राळा घालू लागली. रोज घालू लागली. लंगडीची छाती भरली, डोळ्यांत तेज आले, आणि एके दिवशी तिने आपणहून काथ्याची काडी उचलली.

तिसऱ्या विणीत तीनच पिले. दोघांच्या पाठीवर राखाडी पिसे फुटली. तिसऱ्याच्या पंखावर एक टोक उगवले, मग दुसरे. राजाने राणीला हाक मारली. त्याने नुसते बोट दाखवले. पिलू पांढरे होते.

ते बोळक्यातून पहिल्यांदा बाहेर आले आणि धडपडत राजाच्या मनगटावर उतरले. एवढे देखणे पाखरू राजाने जन्मात पाहिले नव्हते. पट्टा नाही, ठिपका नाही, चंद्राच्या कोरीसारखे निखळ. राजाने त्याला एकदा डोळे भरून पाहिले. चोचीवरून बोट फिरवले. मग चांदीच्या पिंजऱ्यात ठेवून तो म्हणाला,

"घे."

पिंजरा तापला, वाकला आणि थेंबाथेंबाने वितळून गेला. आत बसलेल्या पिलाला धगही लागली नाही; त्याच्या अंगावरून पांढरा रंग वाफेसारखा उठला, छताला लागला, आणि तिथून सात बाजूंनी उधळत खिडक्यांतून बाहेर गेला. निळीची कुंडे निळी झाली. शेते हिरवी झाली. कुंकवाच्या करंड्यांतून लाल रंग एवढ्या जोराने परतला की झाकणे उडाली. निळ्या, हिरव्या, लाल मुनिया पुन्हा राखाडी झाल्या आणि इतक्या दिवसांचे साठलेले गाणे एकदमच गाऊ लागल्या.

राणी धावत लेकीकडे गेली. शाल्मलीचे गाल तापले होते. ती एकेक शाल फेकत होती.

"आई, केवढे उकडते आहे! आणि मला भूक लागली आहे."

राजाने तिला मिठीत घेतले आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. राज्यभर ढोल वाजले. प्रत्येक घरी गोड झाले. सेनापतींनी मात्र त्या दिवशी लाल काही खाल्ले नाही.

चार दिवसांनी राजद्वारी एक पाहुणा आला. सावळा, पोट सुटलेला, लालबुंद नाकाचा. द्वारपाल नाव विचारी, तर तो आरशात पाहण्यात गुंग.

"विभ्रम," तो शेवटी म्हणाला. "मला वाटत होते मी गोरा आहे."

राजाने त्याला हाताला धरून जाळीच्या महालात नेले. ते पांढरे पिलू आता राखाडी होऊन भावंडांत मिसळले होते. राणीलाही ते ओळखता येत नव्हते. कोपऱ्यातल्या बोळक्यात लंगडी बसली होती आणि नर दारात गात होता.

"पुन्हा अंडी आहेत?" सिद्धाने विचारले.

"आहेत."

"पांढरे होईल?"

"होईल, किंवा होणार नाही."

"कधी कळेल?"

"पिसे फुटली की."

सिद्धाने बोळक्याकडे पाहिले. मग राजाकडे पाहिले. मग बाजूचा चौरंग ओढून घेतला, राळ्याची थाळी मांडीवर ठेवली आणि राजाशेजारी बसून राहिला.

त्या राज्यात तेव्हापासून सर्व रंग आपापल्या जागी आहेत. ते तसेच राहोत, आणि ऐकणाऱ्यांच्या घरीही कोणता रंग उणा न पडो.