फुंकर न लागलेली तिफण

पूर्वी चंपावती नगरीत राजा सुयाम राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. राजाच्या पणजोबांची पेरणीची एक तिफण तिथे होती. वर बी सोडायचा लाकडी वाडगा, म्हणजे चाडे, आणि खाली वेळूच्या तीन पोकळ नळ्या. गेल्या पेरणीनंतर पुरोहित सोमदंताने ती पूज्य ठरवून देवळात ठेवली. नळ्या फुंकायलासुद्धा तिला जो तोंड लावील त्याचे पद जाईल, असा नियम झाला.

नव्या पेरणीच्या मुहूर्ताला तिफण देवळातून काढली आणि सारे नगर शेतावर जमले. बैल चालले. उप्पला नावाची पेरणारी बाई चाड्यावर मूठ धरून बी सोडू लागली. चाडे भरले, मग दाणे काठावरून सांडले. मागे जमिनीत उमटलेल्या तासांत मात्र एकही दाणा पडला नव्हता. राजाने पुरोहिताकडे पाहिले.

"भूमीने बी नाकारले," पुरोहित म्हणाला. "पणजोबांचा कायदा आहे, महाराज. ज्या मुठीतले बी भूमी नाकारील, ती मूठ तोडावी."

उप्पलाने मूठ पदराखाली घेतली. "गेल्या साली याच मुठीचं जेवलात की, महाराज."

परशू आला.

"एका मुठीवरून निकाल नको," बोधिसत्त्व म्हणाला. "महाराजांनी स्वतः पेरून पाहावे."

चाडे रिकामे केले. राजाने ऐटीत मुठीमागून मूठ सोडली. दाणे चाड्यातच बसून राहिले. परशूवाल्याची नजर सवयीने राजाच्या हातावर गेली, आणि तो दचकून आभाळाकडे पाहू लागला. आपल्याला मनगट आहे, हे राजाला त्या दिवशी कळले.

"कायद्याला अपवाद असतात," पुरोहित पुटपुटला.

"मघापर्यंत नव्हते," बोधिसत्त्व म्हणाला.

त्याने आपली अमात्यपदाची मुद्रा राजाच्या हातात ठेवली, तिफण आडवी केली आणि नळीला तोंड लावून जोराने फुंकले. लोकांनी डोळे झाकून घेतले. मातीचा गोळा निघाला, मागोमाग घर मोडले म्हणून संतापलेली कुंभारीण माशी. देवळातल्या निवांतपणात तिने तिन्ही नळ्या लिंपल्या होत्या. त्याने बाकीच्या दोन्हीही मोकळ्या केल्या. उप्पलाने मूठ सोडली आणि दाणे तासात उतरले.

राजा मुद्रा परत देऊ लागला.

"नियम मोडला आहे, महाराज. अपवाद काढू नका, पुरोहितांना सवय लागेल," असे म्हणून बोधिसत्त्व पायीच नगराबाहेर गेला. राजाने मूठ तोडण्याचा कायदा आणि तिफणीला तोंड न लावण्याचा नियम त्याच दिवशी रद्द केले. पुढे दर पेरणीला पहिली फुंकर तो स्वतः मारी.

एवढे सांगून शास्त्याने, म्हणजे भगवंतांनी, समोर बसलेल्यांशी त्या जन्मांची सांगड घातली. "पात्राला डाग पडेल म्हणून आमटी नाकारणारा आपला भिक्षू तेव्हा पुरोहित होता. विहाराचे अंगण झाडणारी उपासिका ती उप्पला. हे ऐकताना मनगट चोळीत बसलेला श्रेष्ठी तो राजा. अमात्य मी होतो. दुसऱ्याचा हात वाचावा म्हणून आपले पद सोडणे, त्या फुंकरीचे नाव त्याग."