जांभूळसड्याची वारूबाय

फार फार वर्षं झाली. जांभूळसड्यावर, घाटावरच्या त्या उघड्या कातळाच्या पठारावर, तेव्हा गाडीवाट नव्हती, शाळा नव्हती. होत्या त्या गवळ्यांच्या झोपड्या, आणि झोपड्यांहून मोठे त्यांचे गोठे. पाहुण्याचं जेवण एक वेळ चुकेल, पण म्हशीची वैरण चुकायची नाही, असं ते गाव. तिथे भागाई नावाची गवळण होती, घरातली थोरली सून. म्हैस अडली की भागाई, पारडू आडवं आलं की भागाई, म्हैस पान्हा चोरू लागली तरी भागाईच. तिने कासेला नुसता हात लावला की चरवी भरायची, असं म्हणतात.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि घाटाखालून कोंडू आली.

कोंडू दिसायला चारचौघींसारखी, जिभेने मात्र तिखट. पण तिने पहिल्यांदा गोठ्यात पाऊल टाकलं तेव्हा रवंथ करत बसलेल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या, असं म्हणतात. त्यांत चांदरी नावाची म्हैस होती. भागाईने तिला पारडी असल्यापासून वाढवलेलं, आणि ती भागाईशिवाय कुणाला कासेजवळ फिरकू देत नसे. तीच चांदरी आता कोंडूची चाहूल लागली की मान वळवून रेकायची. भागाईने हे पाहिलं आणि त्या दिवसापासून कोंडूचं काही म्हणता काही तिला पाहवेना.

हेवा म्हणजे असा हेवा की विचारू नका. कोंडूची भाकरी टम्म फुगली तरी भागाईला वाटायचं, मला दाखवायला फुगवली. कोंडू गप्प बसली तर म्हणायची, बघा कशी गर्वाने बसलीय. बोलली तर म्हणायची, बघा कशी जीभ चालवतेय.

अशात भागाईला दिवस राहिले. बरीच वर्षं तिची कूस उजवली नव्हती. सगळ्या देवांना नारळ बोलून झाले होते, तेव्हा कुठे हे सुख आलं. भागाईला वाटलं, आता तरी सड्यावरचं माणूस न् माणूस माझ्याकडे बघेल. पण नेमक्या त्याच हंगामात सड्यावरच्या म्हशी गाभडू लागल्या. आज या गोठ्यात, उद्या त्या गोठ्यात, कच्ची पारडी पडू लागली. आणि ज्यांनी ती उघड्या हातांनी उचलली, ज्यांनी पारडामागून पडणारी म्हशीची जार आत अडकली म्हणून ओढून काढली, त्यांना ताप धरू लागला. दिवेलागणीला चढायचा, पहाटे घाम फुटून उतरायचा, आणि माणूस बरं झालं म्हणेपर्यंत पुन्हा यायचा. हाडं ठणकायची, भलेभले गवळी अंथरुणाला खिळले. दोन पोटुशा बायकांचे गर्भही गेले.

कोंडूला हा ताप ओळखीचा होता. तिची आई त्यातच गेली होती. तिने पत्रावळीसारखी पळसाची पानं बांबूच्या चोयांनी टाचून कोपरापर्यंत येतील अशा पिशव्या केल्या आणि दारोदार वाटल्या. "ह्या घातल्याबिगर हात लावू नका," म्हणाली. पडलेलं पारडू लांब नेऊन खोल पुरायला लावलं, वर राख आणि चुना. दूध उकळून प्यायला सांगितलं. यावर मोठा गहजब झाला, कारण दूध तापवलं की म्हशीची कास भाजते, अशी सड्याची समजूत. गवळी प्यायचा तो धारोष्णच. पण तापाने खंगलेली माणसं काय करणार? ऐकू लागली. बघता बघता सगळं गाव कोंडूच्या मागे.

आणि भागाईला विचारतं कोण? कुत्रंसुद्धा नाही.

एका सकाळी कोंडू घाईघाईने तिच्याकडे आली. म्हणाली, "जाऊबाय, चांदरीचं लक्षण मला बरं दिसत न्हाई. तुमी पोटुशा. आजपासनं गोठ्यात यायचं न्हाई, आन वार पाळा."

आता इथे एक गंमत आहे, आणि गंमत म्हणता म्हणता घात आहे. म्हशीची जी जार, तिला घाटाखाली वार म्हणतात. वार पाळायची म्हणजे तिची शिवाशिव पाळायची, तिच्यापासून दूर राहायचं. सड्यावर मात्र वार म्हणजे सोमवार, मंगळवार. वार पाळायचा म्हणजे उपास करायचा.

"कोणचा वार?" भागाईने विचारलं.

कोंडूचं अर्धं लक्ष चांदरीकडे. ती म्हणाली, "येकूण येक. येकबी सुटता कामा न्हाई."

झालं! भागाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पाणवठ्यावर जाऊन ती बायकांना म्हणाली, "ऐकलंत का? मी आठवडाभर उपाशी ऱ्हायचं म्हणं! माझं लेकरू पोटात वाळवायला निघालीय ही. आन वर गोठाबी बंद. म्हंजी चांदरी हिची, गाव हिचं, आन माझ्या पदरात काय?"

त्या दुपारी कोंडू पळसाची पानं आणायला रानात गेली होती, आणि चांदरी रेकली. कळ वेगळीच होती. भागाईने ती ओळखली. तिला वाटलं, हीच वेळ आहे. ती पोट सावरत गोठ्यात शिरली. चांदरी गाभडली होती. पारडू पडलं होतं, जार लोंबत होती. भागाईने बाह्या सारल्या. "माझी हाईस तू," ती चांदरीला म्हणाली, "माझ्या हातची हाईस."

तेवढ्यात दारात कोंडू. डोक्यावर पानांचा भारा, काटेरी जाळीतून धावत आल्याने हात रक्ताळलेले. तिने भारा टाकला आणि ओरडली, "जाऊबाय, वार! वार!"

"मर मेले, कसला वार?" भागाईने हात पुढे केला.

"अवं, ही! ही वार!" कोंडूने जारेकडे बोट दाखवलं. भागाईला कळलं, पण तोवर चांदरी वळली आणि ती जार सुटून भागाईच्या अंगावर येऊ लागली. पानं बांधायला वेळ नव्हता. कोंडूने जावेला खांद्याने मागे ढकललं आणि आपले उघडे, ओरखडलेले हात पुढे करून ती जार आपल्या ओटीत घेतली. मग ते सगळं लांब नेऊन पुरलं.

भागाईला मुलगी झाली. धडधाकट, खणखणीत रडणारी. आणि कोंडूला ताप आला.

आता तरी भागाईचा हेवा गेला असेल, असं तुम्हाला वाटेल. छे! बारशाला आलेली प्रत्येक बाई म्हणायची, "कोंडूमुळं वाचली हो पोर." भागाई धुसफुसायची, "नऊ म्हयने मी वागवली, आन नाव हिचं." पण ती कोंडूचं अंथरूण सोडायची नाही. तिचे पाय चेपायची, दूध उकळून पाजायची, आणि तोंडाने तिला बोल लावायची.

कोंडू वाळत गेली. एकदा म्हणाली, "जाऊबाय, चांदरी आता तुमचीच बगा."

"तू कोण देनारी?" भागाई म्हणाली. "माझीच हुती." आणि पदराने डोळे पुसले.

कोंडू गेली त्या सकाळी सड्यावरच्या साऱ्या म्हशींनी एकदम पान्हा सोडला. दूध कातळावरून वाहिलं, आणि वाहता वाहता आपोआप उकळू लागलं, वाफ ढगाला भिडली, असं म्हणतात. कातळावरचा पांढरा पट्टा तुम्हाला अजून दिसेल. सगळं गाव हात जोडून उभं होतं. एकटी भागाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बगा, जातानाबी मिरवून गेली."

त्यानंतर भागाईने चोया हातात घेतल्या. ज्या गोठ्यात म्हैस व्यायला येई तिथे ती पानांच्या पिशव्या घेऊन हजर. पोटुशीला बाहेर काढायची, कुणी कच्चं दूध तोंडाला लावलं तर वाटी उडवायची. आणि आत शिरताना दारात थांबून कोंडूला एक शिवी घालायची. भागाई म्हातारी होऊन गेली, तरी तिची रीत राहिली.

आजही जांभूळसड्यावर जारेला कुणी जार म्हणत नाही, वारच म्हणतात, आणि कोंडूला वारूबाय. म्हैस व्यायला लागली की घरातली थोरली जाऊ पुढे होते. पानांच्या पिशव्या गेल्या, आता रबरी हातमोजे आले आहेत. ते चढवून ती गोठ्याच्या दारात उभी राहते आणि म्हणते, "ये गं मिरवे! तुझ्याबिगर आमचं अडलंय व्हय?" मगच आत पाऊल टाकते. नव्या सुना हसतात, देवीसारख्या बाईला असं बोलतात का, म्हणतात. म्हाताऱ्या हसत नाहीत. त्या सांगतात, बोलायचं ते मोठ्याने बोल, पोरी. हळू बोललं तर रडू येतं, असं म्हणतात.