राजाची सासुरवाडी

माझगावच्या कोळीवाड्यात त्या सकाळी एकच गलका उडाला. जमीन मोजायला आलेल्या हॉकिन्ससाहेबाने घरांच्या ओट्यांना लागून खुंट्या ठोकायला सुरुवात केली होती. ही घरं पाडून तिथे सरकारी गोदाम उभं राहणार होतं.

चांगुणाबाय सुकट वाळत घालत होती. खुंटी आपल्या दारात येताच ती तडक साहेबापुढे उभी राहिली. “कोणाच्या हुकमानं?”

साहेबाला आपल्या मराठीचा भारी अभिमान. तो ऐटीत म्हणाला, “बाई, हे अख्खं बेट आमच्या राजाला लग्नात आंदण मिळालं. जमीन त्याची!”

चांगुणाबायचे डोळे लकाकले.

“अगो बायांनो, धावा! यांचा राजा आपला जावई निघाला, आणि त्याच्या माणसांना आपण उन्हात उभं ठेवलंय!” तिने ओट्यावर पाट मांडला. “बसा साहेब. फक्त एवढं सांगा, तुमच्या मुलखात जावई सासरच्या माणसांना घराबाहेर काढतो काय?”

सगळा वाडा खदखदून हसला. खुंट्या ठोकणारे शिपाईही तोंड फिरवून हसू लागले. साहेब लालबुंद झाला. अखेर त्याने टोपी काढली.

“उपटा खुंट्या! गोदाम पलीकडच्या रिकाम्या खाजणात बांधू.”

“मग आता जेवूनच जायचं,” चांगुणाबाय म्हणाली.